माफ केलेली जकात

माझ्या नोकरीत लोक मला नमस्कार करायच्या आधी खोटं बोलत. गाडी थांबायची, आणि मी काही विचारायच्या आत वरून आवाज यायचा, "काय न्हाई साहेब, रिकामीच हाय." रिकाम्या गाडीची चाकं एवढी कशानं दबली, असं मी विचारायचो आणि मग आमचं खरं बोलणं सुरू व्हायचं. मी नगरपालिकेचा जकात कारकून होतो. लोक नाकेदार म्हणत. मागं आणखीही काही म्हणत असतील, पण मागचं ऐकायला नाक्यावर वेळ नसायचा.

गाव बीड जिल्ह्यातलं, केज आणि अंबाजोगाईच्या अधल्यामधल्या पट्ट्यातलं. नाव घालत नाही, कारण या हकिगतीतले एक गृहस्थ अजून सकाळी माझ्याबरोबर फिरायला येतात आणि त्यांच्याशिवाय माझं पाऊल रस्त्याला लागत नाही.

आता जकात म्हणजे काय हे नातवंडांना समजावून सांगावं लागतं. गावात विकायला किंवा वापरायला जो माल बाहेरून येईल त्यावर नगरपालिका वेशीवरच थोडा कर घ्यायची. पोत्यामागं इतका, डब्यामागं इतका, काही वस्तूंना किमतीवर शेकडा इतका, असा तक्ता भिंतीवर टांगलेला असे. ट्रकवाल्याकडं मालाची बिल्टी असायची, म्हणजे कुठून काय भरलं त्याचा कागद. आधी बिल्टी बघायची, मग माल बघायचा, आणि दोघांचं जमत नसेल तर मालावर विश्वास ठेवायचा. पैसे घ्यायचे, पावती फाडायची, बांबू वर करायचा. बांबूच्या एका टोकाला दगड बांधलेला आणि दुसऱ्या टोकाची दोरी माझ्या खुर्चीपर्यंत आणलेली. अख्ख्या गावाची बाजारपेठ मी बसल्या जागी दोरी ओढून उघडतो, असं मी लग्नानंतर सासुरवाडीला सांगितलं होतं. सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, मग दगड कशाला लागतो.

माणसं मात्र एकेक भेटली. एकदा एकजण बैलगाडीत आजारी चुलत्याला घेऊन आला. चुलता घोंगडीखाली. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचाय म्हणाला. चुलता अजिबात हलेना म्हणून मला काळजी वाटली. कपाळाला हात लावायला गेलो, तर बोटं चिकट झाली. घोंगडीखाली गुळाच्या ढेपा होत्या, डोक्यापासून पायापर्यंत अगदी माणसासारख्या मांडलेल्या. मी त्या कारागिरीचं कौतुक केलं आणि जकात घेतली. पुढच्याच आठवड्यात दुसरी गाडी आली. पुन्हा घोंगडी, पुन्हा चुलता, पुन्हा अंबाजोगाई. मी मोठ्या हुशारीनं घोंगडी ओढली. आतला म्हातारा उठून बसला आणि त्यानं मला जे ऐकवलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. त्याला खरंच ताप होता. मी त्याला माझ्या वाट्याचा चहा पाजला आणि पुढं धाडला.

ऊसतोडीहून परतणाऱ्या टोळ्यांचे ट्रक यायचे तेव्हा नाक्यावर जत्रा भरल्यासारखं वाटे. भांडी, खाटा, कोंबड्या, लेकरं, सगळा संसार ट्रकावर. घरगुती सामानाला जकात नव्हतीच. तरी बाया कारखान्यावरून आणलेली साखरेची पिशवी पदराखाली धरून बसायच्या, आणि मी न बघितल्यासारखं करायचो. ट्रक पुढं गेला की वर हसण्याचा गलका व्हायचा, नाकेदाराला फसवलं म्हणून. नियमात बसणारी माफी मी वाचून दाखवली असती तर त्या एवढ्या खूश झाल्या नसत्या.

आणि या पैशाचं व्हायचं काय? रस्त्यावरचे दिवे, झाडलोट, नळाचं पाणी, शिपायापासून मुख्याधिकाऱ्यापर्यंतचे पगार. त्यात माझाही. गावाचा संसार बहुतेक या दोरीवरच चालायचा. हे गावाला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगायला गेलो असतो तर कुणाला पटलं नसतं.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. आदल्या वर्षीही पावसानं दडी मारली होती, पण तेव्हा लोक म्हणाले, पुढच्या साली भरून काढील. त्यानं काढलं नाही. करडई उगवलीच नाही, ज्वारी पोटरीत वाळली, विहिरींच्या तळाशी माणसं उतरून वाटीनं पाणी भरू लागली. नळ बंद पडले आणि गावाला टँकर सुरू झाला. बाजारात मात्र सगळं होतं, फक्त वरच्या फळीवर ठेवल्यासारखं. हात पोचत नव्हता. त्यातही गोडेतेल. फोडणी करायची की दिवा लावायचा, असं बायका विचारायच्या.

इथं प्रयागबाईची ओळख करून द्यायला हवी. आमच्याच गल्लीत राहायची. माहेर नेकनूरचं, नवरा एसटीत फिटर. तरुणपणी काही हंगाम ऊस तोडायला गेलेली, त्यामुळं आवाज ट्रकाच्या इंजिनावरून ऐकू जाईल असा. शाळा चौथीपर्यंत. गल्लीतल्या बायकांना शेअर घ्यायला लावून तिनं महिलांची ग्राहक सहकारी संस्था काढली होती. संस्था म्हणजे एक खोली, एक काटा, पाच-सहा पोती आणि भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रासाठी ती बीडच्या कचेरीत इतक्या वेळा गेली, की शेवटी तिथल्या साहेबांनी तिला येऊ नये म्हणूनच सही केली, असं ती स्वतः सांगायची. माझी बायको विमल त्या संस्थेची सभासद, आणि दुपारी काट्यावर बसून माल मोजून देणारी. म्हणजे आमच्या घरात एकजण वेशीवर माल महाग करायचा आणि दुसरी पेठेत तो स्वस्त करायची. जेवताना दोघंही धंद्याचं बोलत नसू.

प्रयागबाईनं नगरपालिकेवर मोर्चा काढला. बायका तेलाच्या रिकाम्या किटल्या वाजवत निघाल्या. विमलही होती. किटली आमचीच, ती मी आवाजावरून ओळखली, तिच्या बुडाला पोचा होता.

नगराध्यक्ष होते बापूसाहेब. गावालगत मोठी जमीन, खरेदी-विक्री संघाचे अध्यक्ष, पतसंस्थेचे अध्यक्ष, आणि नगरपालिकेचेही. सहकार म्हणजे सगळ्यांनी मिळून त्यांना अध्यक्ष करणं, अशी त्यांची साधी समजूत होती आणि लोकांचीही तिला हरकत नव्हती. माणूस मनानं वाईट नव्हता. बायकांचं त्यांनी ऐकून घेतलं, प्रत्येकीला चहा दिला, आणि महिन्याच्या आत वरून मंजुरी आणून जाहीर केलं की ज्वारी, गोडेतेल, गूळ, साबण आणि कडबा यांवरची जकात दुष्काळ संपेपर्यंत माफ. निवडणूक जवळ आली होती म्हणून केलं, असं काही लोक म्हणत. मी म्हणत नाही. दुष्काळ जवळ होता आणि निवडणूकही जवळ होती, एवढंच मी म्हणतो. आठवडी बाजारात टेबलावर उभं राहून बापूसाहेबांनी भाषण केलं. आता आमच्या मायबहिणींची चूल स्वस्तात पेटेल, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तेल मीही खात होतो.

माफीच्या पहिल्या दिवशी नाक्यावर मोठी गंमत झाली. ज्वारीचा ट्रक आला. ड्रायव्हरनं सवयीनं सांगितलं, रिकामा हाय. मी म्हणालो, बाबा, भरलेला असला तरी जा, माफ आहे. त्याला पटेना. एवढ्या वर्षांत मी त्याला कधी असं सोडलं नव्हतं. यात काहीतरी डाव आहे असं वाटून तो खाली उतरला आणि आपण होऊन ताडपत्री सोडून पोती दाखवू लागला. दुसरा एक जुना ओळखीचा ड्रायव्हर माझी तब्येत विचारून गेला.

पेठेत मात्र भाव हलला नाही. गावात तेलाचा मोठा व्यापारी एकच, कचरूशेठ. गोड माणूस. दुकानात येणाऱ्या प्रत्येक लेकराच्या हातावर खडीसाखर ठेवायचा आणि आईच्या हातावर बिल. विमल तेल आणायला गेली तेव्हा तो म्हणाला, वहिनी, हा जकात भरलेला जुना माल आहे, तेवढा संपू द्या. बरोबर होतं ते. पंधरा दिवसांनी गेली, तेव्हाही जुनाच माल. महिन्यानं गेली, तेव्हाही. तेल लोणच्यासारखं मुरत ठेवलंय की काय, असं विमल घरी येऊन म्हणाली. मग तिनं मला विचारलं की इतक्या दिवसांत कचरूशेठचा ट्रक नाक्यावरून गेला का. मी म्हणालो, दर आठवड्याला जातो, मीच दोरी ओढतो. ती तशीच उठली. चप्पल घालून प्रयागबाईकडं गेली.

दोघींनी ठरवलं, की तेल आपणच आणायचं. लातूरच्या बाजूला एक सहकारी तेलगिरणी होती, ती संस्थांना थेट डबे द्यायची. अडचण एवढीच, की गिरणी आगाऊ पैसे मागायची. बायकांनी पुन्हा शेअर काढले. कुणी कोंबडी विकली, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी ठेवलेलं दिलं. एवढं झाल्यावर तेल नीट येणं भाग होतं. ते आलं नसतं तर संस्था त्याच दिवशी बुडाली असती, आणि गल्लीत प्रयागबाईला तोंड दाखवता आलं नसतं.

तोवर दुसरीकडं आमचं बिघडत चाललं होतं. माफ केलेल्या वस्तू म्हणजेच बाजारात खरोखर येत असलेल्या वस्तू. दुष्काळात सिमेंट कोण आणतो आणि कपाट कोण घेतो? नाक्याचा गल्ला आटला. पहिल्या महिन्यात पगार उशिरा झाला, दुसऱ्या महिन्यात झालाच नाही, तिसऱ्या महिन्यात आम्ही विचारणं सोडलं. मी रोज वेळेवर नाक्यावर जायचो, गाड्यांना सलाम केल्यासारखा बांबू वर करायचो आणि रिकाम्या खिशानं परत यायचो. घर चाललं ते विमलला संस्थेतून मिळणाऱ्या थोड्याशा मजुरीवर. ती मला कधी लागेल असं बोलली नाही. एकदाच ताट वाढताना म्हणाली, सरकारनं आपल्याला दोन्हीकडून दिलासा दिला, तेलाचाही आणि पगाराचाही. मी हसलो, पण दुसरी भाकरी मागितली नाही. आमच्याकडं निदान तिचं दुकान होतं. झाडलोट करणाऱ्यांच्या घरी तेही नव्हतं, आणि रस्ते तर ते रोज झाडत होते.

मग टँकर थांबला. टँकरवाल्यानं डिझेल उधार मिळेना म्हणून गाडी नगरपालिकेच्या आवारात उभी केली आणि चावी बापूसाहेबांच्या टेबलावर ठेवली. बायका पुन्हा मोर्चा घेऊन गेल्या. या वेळी किटल्यांच्या जागी घागरी होत्या. बापूसाहेबांनी चहा दिला नाही, चहाला पाणी नव्हतं. ते म्हणाले, बायांनो, तुमच्याचसाठी जकात माफ केली, आता टँकर मी कशावर चालवू? हे त्यांनी रागानं नाही, खरोखर विचारलं, असं विमलनं सांगितलं. घागरी घेऊन सगळ्या परत आल्या. येताना कुणी घागर वाजवली नाही. प्रयागबाईनंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरकडून टेम्पो आला. त्यात तेलाचे डबे, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी प्रयागबाई आणि विमल. आदल्या संध्याकाळीच दोघी तेल आणायला गेल्या होत्या. मला फार बरं वाटलं. तेल आलं होतं. मी लांबूनच बांबू वर केला.

टेम्पो बांबूखाली येऊन थांबला. प्रयागबाई खाली उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "पावती करा."

मी म्हणालो, बाई, तेल माफ आहे.

"मला म्हाईत हाय. मीच मोर्चा काढलता. आता म्हनती, घ्या जकात. आमचं तेल जकात भरून बी कचरूशेठपक्षा सस्तं पडतंय. मग माफी कावून घ्यायची? टँकर तरी चालू होईल."

माझ्या सगळ्या नोकरीत आपण होऊन जकात भरायला आलेलं हे एकच माणूस. आणि त्याला मी नाही म्हणायचं होतं. मी तिला समजावलं, की जो कर माफ झालाय तो मी घेतला तर ती लूट होते. मला घरी बसवतील. पावतीवर काय लिहू? कोणत्या सदरात जमा करू? ती ऐकून घेत होती. मग तिनं शांतपणे विचारलं, "म्हंजे घेतली तर गुन्हा, आन न्हाई घेतली तर गावाला पानी न्हाई. मग तुमी हितं बसून करताव काय?"

मी विमलकडं बघितलं. ती टेम्पोत बसून समोरच्या माळाकडं बघत होती. त्या माळावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

प्रयागबाई म्हणाली, पावती झाल्याशिवाय टेम्पो हलणार नाही. तिनं ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं आणि स्वतः माझ्या खुर्चीवर बसली. मी उभा. मागं गाड्या लागायला लागल्या. आधी एक जीप आली, मग अंबाजोगाईची एसटी, आणि तिच्या मागं कचरूशेठचा तेलाचा ट्रक. एसटीतली माणसं उतरून बघायला आली. ज्यांना उशीर होत होता तेच पुढं उभे होते. मी मुख्याधिकाऱ्यांना निरोप धाडला. त्यांचं उत्तर आलं, की नियमाप्रमाणे करावे. नियमाप्रमाणे काय, ते त्यांनी कळवलं नव्हतं.

ट्रक अडल्याचं कळताच कचरूशेठ स्कूटरवरून आला. आल्या आल्या त्यानं प्रयागबाईला नमस्कार केला आणि गोड आवाजात विचारलं की काय अडचण आहे. तिनं ट्रकाकडं बोट दाखवलं आणि विचारलं की हा कोणता माल. तो गडबडला. नवा म्हणावं तर भाव उतरवायला हवा, जुना म्हणावं तर तो ट्रकात कसा. लोक हसायला लागले. ते हसणं कचरूशेठला लागलं. खडीसाखर वाटणारा माणूस तो, त्याच्यावर कुणी कधी असं हसलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. मला त्या क्षणी त्याची कीव आली.

प्रयागबाई मात्र हसत नव्हती. ती खुर्चीवरून उठून त्याच्याजवळ गेली. म्हणाली, "शेठ, गावानं सोडलेला पैसा गिऱ्हाइकाला पोचला न्हाई, टँकरला बी न्हाई. मग कुठं हाय? मी भांडत न्हाई. इचारती हाय."

कचरूशेठनं आधी स्कूटर स्टँडवर लावली. मग त्यानं जे सांगितलं ते मी विसरलो नाही. तो म्हणाला, "माफी झाली त्याच आठवड्यात घाऊकवाल्यानं भाव चढवला. अर्धी त्यानं खाल्ली. अर्धी म्या खाल्ली. आता खोटं कशाला बोलू."

नाक्यावर इतकं खरं त्याआधी कुणी बोललं नव्हतं. लोकांचं हसणं थांबलं. प्रयागबाईनं एकदम मोठा आवाज काढला असता तर कचरूशेठ स्कूटर वळवून निघून गेला असता आणि सगळं तिथंच राहिलं असतं. तिनं तसं केलं नाही. तिनं विचारलं, की तुम्ही त्या घाऊकवाल्याकडून घेताच कशाला? तो म्हणाला, दुसरा देतो कोण? आमची गिरणी देते, असं म्हणून तिनं टेम्पोतला एक डबा उतरवायला लावला आणि झाकण उघडलं. त्यानं बोट बुडवलं, वास घेतला, भाव विचारला. तिनं सांगितला. त्यानं पुन्हा विचारला. मग तो बांबूला टेकून हिशेब करत राहिला, आणि एसटीच्या कंडक्टरनं घड्याळ बघणं सोडून दिलं.

ठरलं ते असं. गिरणी संस्थेलाच माल देत होती, व्यापाऱ्याला नाही. तेव्हा कचरूशेठनं आपली मागणी प्रयागबाईच्या संस्थेत नोंदवायची, दोघांचा माल एका गाडीत आणायचा, आणि भाव दोन्ही दुकानांत सारखा. ट्रकातलं तेल त्याच भावानं विकून टाकायचं, घाटा त्याचा त्यानं सोसायचा. आणि जी अर्धी त्यानं खाल्ली होती तिच्याबद्दल टँकरला डिझेलचं एक पिंप द्यायचं. संस्थाही एक पिंप देईल, असं प्रयागबाई म्हणाली. विमलनं तेव्हा माळावरची नजर काढली, कारण संस्थेत एका पिंपाचे पैसे नव्हते हे तिला माहीत होतं.

मग गाड्या हलल्या. त्या दिवशी दुपारपर्यंत संस्थेच्या दारात आणि कचरूशेठच्या दारात सारखीच गर्दी होती. रात्री आमच्या घरी भजी झाली. पगाराशिवायच्या त्या महिन्यांतली तेवढीच भजी, आणि दुष्काळातलं पीठ म्हणून ती जरा पातळच झाली होती. मी तसं म्हणालो नाही.

डिझेलची पिंपं दोन दिवसांनी केजकडच्या पंपावरून बैलगाडीत आली. गाडीबरोबर प्रयागबाई चालत आली होती. गाडी नाक्यावर थांबली आणि मी माफीची यादी पुन्हा वाचली. डिझेल माफीच्या यादीत नव्हतं. ज्वारी, तेल, गूळ, साबण, कडबा. टँकरला दान दिलेलं असलं तरी डिझेल ते डिझेल. मी तिला हे कसंबसं सांगितलं आणि ती आता काय करते याची वाट बघत उभा राहिलो. तिनं कनवटीचे पैसे काढले, पावती घेतली, घडी घालून ठेवली आणि गाडीवानाला म्हणाली, "चल रे. आज नाकेदाराला काम मिळालं."

टँकर सुरू झाला. दोन पिंपांत काही पावसाळ्यापर्यंत पोचणार नव्हतं, पण बापूसाहेबांना सभा बोलवायला तेवढा अवधी पुरला. तिथं यादी नव्यानं झाली. ज्वारी, तेल आणि कडबा माफच राहिले. साबणावर आणि गुळावर जकात परत आली. चहापत्ती, सिगारेट, थंड पेयं यांवर थोडी वाढली. सभेत प्रयागबाईला बोलावलं होतं. साबणावर जकात नको म्हणून ती भांडली. बापूसाहेब म्हणाले, पाणीच नाही तर साबण कशाला लागतो. त्यावर ती हसली, आणि ठराव पास झाला. बापूसाहेब निवडणुकीतही पास झाले, पण फार थोडक्यात. त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या माणसानं प्रचारात फक्त एक पाण्याची घागर मिरवली होती.

पाऊस पुढच्या मृगात आला, आणि मागचा थकलेला पगार दसऱ्याला. मी तो विमलच्या हातात दिला. तिनं त्यातून आधी संस्थेच्या डिझेलचे पैसे बाजूला काढले. मला तेव्हा कळलं, की ते पिंप तिनं स्वतःच्या पाटल्या गहाण ठेवून आणवलं होतं. मी म्हणालो, मला सांगायचं तरी. ती म्हणाली, तुम्ही त्यावरही जकात लावली असती.

पुढं काही वर्षांनी सरकारनं आमच्यासारख्या गावांची जकात कायमची उठवली. लोकांना दिलासा, व्यापाऱ्यांचा त्रास कमी, गाड्यांचा खोळंबा बंद. सगळं खरं होतं. बदल्यात सरकार नगरपालिकेला दरवर्षी अनुदान देणार होतं. माझी बदली घरपट्टीच्या टेबलावर झाली. नाका मोडायच्या दिवशी मी हजर होतो. बांबू सोडवला, दगड तिथंच राहू दिला, तो कुणी न्यायलाही तयार नव्हतं. कचरूशेठ आला होता, उगीच हळहळत. त्याच्या मते नाक्यावर अडकून पडलं की जरा बोलणं तरी व्हायचं. तेव्हापासून आम्ही सकाळी बरोबर फिरतो.

प्रयागबाईही आली. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. तिनं मोडक्या शेडकडं बघितलं आणि विचारलं, की आता दुष्काळ पडला तर टँकर कशावर चालणार. मी सांगितलं, अनुदानावर. अनुदान कोण देणार? मी म्हणालो, मुंबईचं सरकार. वेळेवर देणार का? मी म्हणालो, ते मला सांगता येणार नाही.

तिनं बांबूचा तो दगड पायानं ढकलून बघितला. मग म्हणाली, "म्हंजे आता मोर्चा मुंबईला न्यावा लागंल."

मी म्हणालो, लांब आहे बाई. पूर्वी नगरपालिकेत गेलं की झालं, चहासुद्धा मिळायचा.

"लांब हाय," ती म्हणाली. केजवरून मुंबईची एसटी कितीला सुटते ते तिनं मला विचारून घेतलं. मग चपला झटकल्या आणि स्वतःच्या घरी न जाता आमच्या घराच्या वाटेला लागली, विमलला विचारायला.